कठीणपणा कुठे राहतो?

सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी ते २००१ साली सुरू केले. दख्खनचा लाव्हा थिजताना काळ्या पाषाणात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढलेले असतात. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाला की एखादी पोकळी उघडी पडते. तिच्यातले हे स्फटिक इतके देखणे असतात की हात लावायचा मोह आवरत नाही, आणि त्यांतले बरेचसे इतके मऊ की चाकूच्या पात्याने त्यांच्यावर ओरखडा उठतो. ज्या गारगोटीचे नाव संग्रहालयाला दिले आहे ती मात्र चाकूला दाद देत नाही.

ओरखडा हीच खनिजांच्या जगातली जुनी मोजपट्टी. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२ च्या सुमारास दहा खनिजांची उतरंड लावली. जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो वरचा, ज्याच्यावर निघतो तो खालचा. सर्वांत खाली १ क्रमांकावर शंखजिरे, ३ वर कॅल्साइट, ७ वर गारगोटीचा गट, म्हणजे क्वार्ट्झ, आणि १० वर हिरा. शाळेत ही उतरंड पाठ करताना एक समज नकळत डोक्यात बसतो: कठीणपणा हा पदार्थाचा स्वतःचा गुण आहे, जसा मिठाचा खारटपणा. ज्याच्यात तो आहे त्याच्यात आहे, आणि ज्याच्यात नाही त्याच्यात तो दुसऱ्याकडून आणून घालता येईल.

हा समज तपासून पाहण्याची निकड कारखान्याला आहे, तशीच देवळालाही आहे. नाशिक जिल्ह्यातच त्र्यंबकेश्वराच्या ज्योतिर्लिंगाच्या संवर्धनासाठी, वज्रलेपासाठी, जानेवारी २०२३ मध्ये मंदिर आठवडाभर दर्शनाला बंद ठेवावे लागले. पंढरपूरला विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना जून २०२० मध्ये, टाळेबंदीत मंदिर बंद असताना, पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी लेप दिला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन झाले. प्रत्येक वेळी भाविकांमध्ये दोन प्रश्न उठतात. लेप दिल्यावर आपण देवाला हात लावतो की लेपाला? आणि हा लेप देवाला खरोखर वाचवील का? पहिला प्रश्न धर्माचा आणि दुसरा रसायनाचा, अशी वाटणी सोयीची आहे, पण ती टिकत नाही. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दोन पदार्थ एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात नेमके काय घडते?

आधी कारखान्यातली गोष्ट पाहू, कारण तिथे चूक लगेच डोळ्यांना दिसते.

पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये नियमित साखळीच्या रूपात तयार केले आणि आज त्याच्यावाचून मोटार बनत नाही. डॅशबोर्ड, दाराची आतली बाजू, बंपर, सगळीकडे तेच. पण नुसते पॉलिप्रॉपिलीन लवचीक असते, उन्हात वाकते, साच्यातून निघाल्यावर आकसते. म्हणून त्यात खनिजाची भुकटी मिसळतात. बहुतेक वेळा ती शंखजिऱ्याची असते आणि तिचे प्रमाण वजनाच्या दहा-वीस टक्के, कधी चाळीसपर्यंतही असते. राजस्थानातल्या उदयपूर-भिलवाडा पट्ट्यातून हे शंखजिरे येते. दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या एक्स्ट्रुडरमध्ये प्लास्टिक वितळते, भुकटी त्यात मळली जाते, तोंडातून शेवयांसारखे दोर बाहेर पडतात, पाण्याच्या कुंडीत थंड होतात आणि कापले जाऊन पुन्हा दाणे होतात. या भुकटीला सगळे ‘फिलर’ म्हणतात. फिलर टाकला म्हणजे मालात भेसळ केली, असे बाजारात सर्रास मानले जाते. काही स्वस्त मालाच्या बाबतीत ते खरेही आहे. डॅशबोर्डच्या बाबतीत ते खरे नाही. तिथे फिलर नसेल तर डॅशबोर्ड उभाच राहणार नाही.

आता या मालाची एक काळी पट्टी परीक्षेला बसवली, असे समजा. ओरखड्याची एक प्रमाण चाचणी अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आली आहे. तिच्यात एक मिलिमीटर व्यासाचे पोलादी गोल टोक पट्टीवर टेकवतात आणि सेकंदाला शंभर मिलिमीटर वेगाने ओढतात. ओढता ओढता टोकावरचा भार सारखा वाढत जातो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग तिरपा उजेड पाडला तरच दिसेल अशी एक उथळ चरी उमटते. पुढे चरीच्या तळाशी माशाच्या खवल्यांसारख्या अर्धवर्तुळांची रांग लागते, कारण टोक अडखळत, सुटत पुढे जात असते. आणि मग एका ठिकाणी काळ्या पट्टीवर पांढरी रेघ उजळते. तिच्याही पुढे टोक प्लास्टिक नांगरून बाहेर फेकू लागते. मोटार विकत घेणाऱ्याला चरी दिसत नाही, खवले दिसत नाहीत. त्याला ती पांढरी रेघ दिसते. किल्ली घासली, अंगठी लागली, आणि नवी गाडी जुनी वाटू लागली.

शंखजिरे मिसळलेल्या पट्टीवर ही पांढरी रेघ लवकर उगवते. म्हणजे ज्या भुकटीने प्लास्टिक ताठ केले तिनेच त्याचा ओरखडा अधिक उठून दिसेल असे केले. सूक्ष्मदर्शकाखाली कारण स्पष्ट होते. शंखजिऱ्याचे कण पापुद्र्यांच्या रूपात असतात. टोक वरून जाताना प्लास्टिक ताणले जाते, पापुद्रा ताणला जात नाही, आणि दोघांच्या सीमेवर फट पडते. अशा हजारो फटींवर उजेड विखुरतो आणि डोळ्याला पांढरा दिसतो. त्या पांढऱ्या रेघेत कुठलाही पांढरा पदार्थ नव्याने आलेला नसतो. ती जोड सुटल्याची खूण आहे.

यावर कोणीही म्हणेल, शंखजिरे मोसच्या पट्टीवर सर्वांत खाली, मग दुसरे काय होणार? कठीण कण घाला. पण क्वार्ट्झचे किंवा काचेचे कण कोणतीही प्रक्रिया न करता घातले तर तेही तसेच सुटतात, आणि वर एक नवी पीडा होते. सुटलेला कठीण कण टोकाखाली गडगडतो आणि शेजारचे प्लास्टिक खरवडत जातो. वोलास्टोनाइट हे सिरोही-उदयपूरकडचे सुईसारखे खनिज आहे, त्याची कठीणता पाचाच्या जवळपास. त्याचे काही मिश्रणांत चांगले निकाल येतात, पण सुया बारीक असल्या आणि त्यांच्या अंगावर प्रक्रिया केलेली असली तरच. ही प्रक्रिया म्हणजे बहुतेक वेळा सिलेन नावाच्या रेणूंचा पातळ थर. या रेणूच्या एका टोकाला खनिजाच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध जुळतो, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या साखळीशी. कण तोच, प्लास्टिक तेच, प्रमाणही तेच. मधला रेणूभर जाडीचा थर बदलला की ओरखडा बदलतो.

याचे सगळ्यांत मोठे उदाहरण रस्त्यावर रोज फिरते. टायरचे रबर मुळात फिकट रंगाचे असते, आणि सुरुवातीचे टायर तसेच असत. १९०४ मध्ये इंग्लंडात सिल्व्हरटाउनच्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांच्या लक्षात आले की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी अधिक टिकते. काजळी! बोटाने चोळली तर बोटाला लागते, फुंकर घातली तर उडते. तिच्यात कसला आला कठीणपणा? तरीही आजच्या टायरच्या वजनात काजळीचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरात असतो, आणि ती नसेल तर टायर फार थोड्या अंतरात झिजून जाईल. रबराच्या साखळ्या काजळीच्या कणांच्या पृष्ठभागाला इतक्या घट्ट चिकटतात की रबर विरघळवणाऱ्या द्रावणात ठेवले तरी त्यांतल्या काही सुटत नाहीत. काजळी मऊ आहे, रबर मऊ आहे. टिकाऊपणा त्या दोघांपैकी कोणाकडेही आधीपासून नव्हता.

इथे सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाकडे वळावेसे वाटते. आंध्रातल्या या पंडिताचा ‘तर्कसंग्रह’ हा न्याय-वैशेषिक दर्शनाचा प्रवेशग्रंथ. महाराष्ट्रातल्या पाठशाळांतून पिढ्यानपिढ्या तो शिकवला गेला, आणि आठल्ये व बोडस या मराठी विद्वानांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. वैशेषिक दर्शन जगातल्या सगळ्या गुणांची यादी करते. कणादाच्या सूत्रांत सतरा गुण येतात, प्रशस्तपादाने आणखी सात जोडून ते चोवीस केले. रूप, रस, गंध, स्पर्श, संख्या, परिमाण, गुरुत्व, अशी ती यादी आहे. अन्नंभट्टाने आपल्याच ग्रंथावर ‘दीपिका’ नावाची टीका लिहिली आणि तिच्यात एक आक्षेप स्वतःच उभा केला: हलकेपणा, मऊपणा आणि कठीणपणा हेही गुण आहेत, मग चोवीसच का?

त्याचे उत्तर थोडक्यात असे. हलकेपणा म्हणजे जडपणाचा अभाव, त्याला वेगळी जागा नको. मऊपणा आणि कठीणपणा हे तर गुणच नाहीत. अवयव एकमेकांशी ज्या विशिष्ट रीतीने जोडलेले असतात, त्या संयोगाचेच ते प्रकार आहेत.

अन्नंभट्टाला पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक-रबरासारखे लांब साखळ्यांचे पदार्थ, ठाऊक होते असा दावा कोणी करू नये. तो एका यादीचा हिशेब जुळवत होता. पण हिशेब जुळवताना त्याने जो भेद केला तो मोसच्या उतरंडीला भेदून जातो. हिरा आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइट, दोन्ही निव्वळ कार्बन. एक दहा क्रमांकावर, दुसरे एक ते दोनच्या मध्ये. पदार्थ एकच असताना कठीणपणा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात असेल, तर तो पदार्थात राहतो असे म्हणायचे तरी कसे? तो जोडणीत राहतो. जोडणी बदलली की तो येतो, जोडणी सुटली की जातो. काळ्या पट्टीवरची पांढरी रेघ वैशेषिकांच्या भाषेत सांगायची तर विभाग आहे, म्हणजे संयोगाचा नाश करणारा गुण. तोही त्यांच्या चोवीसांत आहे.

त्याच यादीतले आणखी दोन गुण इथे उपयोगी पडतात. एक स्नेह. भुकटीचा गोळा ज्याच्यामुळे होतो तो स्नेह, आणि वैशेषिकांच्या मते तो फक्त पाण्यात असतो. ‘फक्त पाण्यात’ हे आज मान्य होणार नाही, पण विखुरलेली भुकटी एकत्र धरून ठेवणारे काहीतरी भुकटीहून वेगळे मानावे लागते, ही त्यांची पकड पक्की आहे. दुसरा गुण स्थितिस्थापक, संस्काराचा एक प्रकार. गुंडाळून ठेवलेली चटई पसरली की पुन्हा गुंडाळली जाते, ते त्याच्यामुळे. ओरखड्याच्या शास्त्रात या दुसऱ्या गुणाला फार मोठे स्थान आहे, त्याकडे पुन्हा येऊ.

हे सगळे देवळात कसे पोहोचते? वाट वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तून जाते.

सहाव्या शतकातल्या या ग्रंथात वज्रलेपावर एक छोटे प्रकरण आहे. पहिल्या लेपाची कृती अशी: कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड एक द्रोण पाण्यात उकळायचे, अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे, मग त्यात गुग्गुळ, बोळ, राळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादी कालवून गरम असताना लावायचे. देवळाला, लिंगाला, मूर्तीला, भिंतीला, विहिरीला. यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. बिब्ब्याचा रस, राळ, गुग्गुळ, सगळे झाडांनी बनवलेले चिकट पदार्थ आहेत. म्हणजे हा लेप पॉलिमरचाच, फक्त कारखान्यातला नव्हे, जंगलातला.

दुसऱ्या लेपाची यादी पाहिली तर थबकायला होते. लाख, गुग्गुळ, कवठ-बेलाचा गर, महुडा, मंजिष्ठ, राळ, आवळा… आणि घरातली काजळी, गृहधूम. चुलीवर, छपराला धरलेली ती काजळी. लाखेच्या पॉलिमरमध्ये काजळीचे फिलर, मोटच्या टायरच्या तेराशेहून अधिक वर्षे आधी. काजळी तिथे नेमकी कशासाठी घातली, रंगासाठी की टिकाऊपणासाठी, हे वराहमिहिर सांगत नाही आणि त्याच्या तोंडी आपण काही घालू नये. पण देवाच्या अंगावर लावायच्या लेपात चुलीची काजळी चालते, ती अपवित्र ठरत नाही, हे मात्र त्या यादीतून निर्विवाद दिसते. तिसऱ्या कृतीत तर शिंगे, केस आणि म्हशीचे कातडेही येते. शुद्ध पदार्थानेच देव झाकावा असा हट्ट या ग्रंथात नाही. मिश्रण कसे जुळते याची काळजी आहे.

आज मात्र नेमका उलटा हट्ट ऐकू येतो. रासायनिक लेप म्हणजे देवाला प्लास्टिक फासणे, अशी तक्रार होते. तक्रारीमागची कळकळ खरी आहे आणि तिची थट्टा करणे हा उद्धटपणा ठरेल. पंढरपूरला पायांवर डोके ठेवायला जो बारा-बारा तास रांगेत उभा राहतो, त्याला आपल्या कपाळाला काय लागले हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘इपॉक्सीची कृत्रिम राळ की गुग्गुळ’ या निवडीत सापडत नाही. गुग्गुळही मूर्तीचा दगड नव्हे. शेंदूरही नव्हे.

शेंदराची गोष्ट वणीच्या गडावर घडली. सप्तशृंगीच्या मूर्तीवर शतकानुशतके तेल-शेंदराचा लेप चढत गेला होता. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, एक जड खनिज भुकटी. तेलात कालवली की तिचाही लेप होतो, आणि थरावर थर चढतो. जुलै २०२२ मध्ये मंदिर बंद ठेवून हा लेप काढण्यात आला. तो हजार किलोंहून अधिक भरला. खाली कोरीव पाषाणाचे मूळ रूप होते: रेखीव चेहरा, दागिने, वस्त्रांच्या चुण्या. नवरात्रात भाविकांनी ते रूप पाहिले तेव्हा अनेकांचे डोळे भरून आले, आणि काहींना आपली ओळखीची देवी हरवल्यासारखेही वाटले. दोन्ही भावना खऱ्या होत्या. पण मग देवी कुठे होती, शेंदरात की पाषाणात? पिढ्यानपिढ्यांचे नवस तर शेंदरापुढेच बोलले गेले.

परंपरेने यावर जे उत्तर दिले आहे ते अन्नंभट्टाच्या उत्तराच्या फार जवळ जाते. मूर्तीच्या दुरुस्तीपूर्वी देवत्व मंत्राने कलशात उतरवायचे, काम झाल्यावर पुन्हा मूर्तीत स्थापायचे, हा विधी आजही वज्रलेपाच्या वेळी होतो. हा विधी ज्या विचारावर उभा आहे तो असा की देवत्व दगडाच्या घटकांत मुरलेले नाही, ते दगडाशी जोडले गेलेले आहे, आणि विधिपूर्वक जोडता-सोडवता येते. महानुभावांची वाट वेगळी, ते मूर्तिपूजा मानत नाहीत. पण श्रीचक्रधरांचा ज्या पाषाणाशी संबंध आला तो पाषाण ते वंदनीय मानतात. तिथेही पावित्र्य दगडाच्या जातीत नाही, स्पर्शाच्या नात्यात आहे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन वाटा याच एका मुद्द्यावर जवळ येतात, ही साधी गोष्ट नाही.

मग लेपाला हात लावणारा देवाला हात लावतो का? संयोग टिकून असेल तर लावतो, असे या विचाराचे उत्तर राहील. आणि इथेच धर्माचा प्रश्न रसायनाकडे परत येतो, कारण संयोग टिकतो की नाही हे लेपाच्या घडणीवर अवलंबून असते.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. यादवकाळातले हे शैव पंचायतन: मधोमध भूमिज शैलीच्या शिखराचे शिवमंदिर, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती, समोर नंदीमंडप, सारे एका उंच चौथऱ्यावर. दगड स्थानिक काळा, म्हणजे बेसाल्ट. पण बेसाल्ट हा काही एकसंध पदार्थ नव्हे. फेल्डस्पार आणि पायरॉक्सीनचे बारीक स्फटिक एकमेकांत अडकलेले, मध्ये कुठे ज्वालामुखी काच, कुठे झिओलाइटने भरलेली पोकळी. स्फटिकांची कठीणता पाच-सहाच्या दरम्यान. आठ-नऊशे वर्षांच्या पावसाने या स्फटिकांना विरघळवण्याआधी त्यांच्यामधल्या काचेला आणि सांध्यांना गाठले. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्तींचे नाक-डोळे जिथे बोथट झाले आहेत तिथे कण झिजलेले कमी आणि निखळलेले जास्त. हा दगडही आधी सांध्यातच हरला.

अशा दगडावर कडक इपॉक्सीचा लेप दिला तर? इपॉक्सी तापली की दगडाच्या कितीतरी पट प्रसरण पावते. उन्हाळ्यात सिन्नरची दुपार चाळीस अंशांपर्यंत जाते, पहाटे हवा गार असते. रोज लेप ताणणार आणि आकसणार, दगड मात्र जवळजवळ जागच्या जागी. दोघांच्या सीमेवर फट पडणार, तीच डॅशबोर्डवरची फट, फक्त मोठी. फिलरचा खरा उपयोग इथे कळतो. इपॉक्सीत दगडाची किंवा सिलिकाची भुकटी मिसळली तर तिचे प्रसरण कमी होते आणि तिचा स्वभाव दगडाच्या जवळ येतो. म्हणून तुटलेला भाग भरताना संवर्धक त्याच दगडाची पूड राळेत कालवतात. भुकटीने लेप कठीण होतो म्हणून नव्हे, तर लेपाचे आणि दगडाचे जमते म्हणून. फार घातली तर मात्र लेप ठिसूळ होतो, कारण प्रत्येक कणाला वेढायला राळ पुरत नाही.

उरला स्थितिस्थापक. डॅशबोर्ड बनवणाऱ्यांनी पांढऱ्या रेघेवर जे उपाय शोधले त्यांतला एक फार साधा आहे: एरुकामाइड नावाचा मेणचट पदार्थ अगदी थोडा मिसळायचा. मोहरीच्या जातीच्या तेलबियांत असणाऱ्या एरुसिक आम्लापासून तो बनतो. तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि टोक अडखळण्याऐवजी घसरून जाते. पृष्ठभाग कठीण होत नाही, निसरडा होतो, आणि ओरखडा उशिरा उठतो. चष्म्याच्या प्लास्टिक भिंगावर काही मायक्रॉन जाडीचा जो थर असतो त्यात सिलिकाचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. काही आधुनिक लेप तर मुद्दाम लवचीक ठेवतात. बारीक चरा उमटतो आणि उन्हात काही वेळाने भरून येतो. ओरखडा टाळायचा तर अधिक कठीण व्हायलाच हवे असे नाही. वाकून परत येणाऱ्यालाही ते साधते.

पण सगळ्यांत परिणामकारक उपाय रसायनशाळेत नाही. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१७ मध्ये प्रत्येक भाविकाला अर्ध्या लिटरपर्यंत शुद्ध केलेले पाणीच वाहता येईल असे ठरले, भस्मारतीच्या वेळी लिंग सुती वस्त्राने झाकायचे ठरले, लिंगाला साखरेची पूड चोळणे बंद करून तिच्याऐवजी खांडसारी वापरायचे ठरले. १ सप्टेंबर २०२० च्या आदेशात भाविकांनी लिंगाला घासू नये असे स्पष्ट सांगितले गेले. न्यायालयाने देवपूजेत हात घातला म्हणून काहींना ते रुचले नाही. पण साखरेचे आणि भस्माचे कण तळहाताखाली दगडावर रगडले जातात तेव्हा काय घडते हे कोणत्याही ओरखडा-चाचणीत दिसते. तो स्पर्श भक्तीचा असला तरी दगडाला त्याचा भार तेवढाच लागतो. पादस्पर्श दर्शनाचे तास कमी करणे, अभिषेक चांदीच्या उत्सवमूर्तीवर करणे, हे निर्णय घेणाऱ्या देवस्थानांना ‘भक्तांना दूर लोटणारे’ म्हणणे अन्यायाचे आहे. उलट त्या देवस्थानांचे जाहीर आभार मानायला हवेत.

लेप द्यायचाच झाला तर एक अट संवर्धक सगळ्यांत वर ठेवतात: तो पुढे काढता आला पाहिजे. घट्ट झालेली इपॉक्सी वितळत नाही आणि सहजी विरघळतही नाही. ती खरवडायची म्हणजे मूर्ती खरवडायची. अॅक्रिलिक जातीच्या काही राळा मात्र अॅसिटोनच्या बोळ्याने पुसून निघतात. त्या इपॉक्सीपेक्षा मऊ असतात, त्यांच्यावर ओरखडा लवकर उठतो, काही वर्षांनी त्या पुन्हा लावाव्या लागतात. तरीही संवर्धक शक्य तिथे त्याच निवडतात, आणि वैशेषिकांच्या कसोटीवरही ही निवड बरोबर ठरते. लेपाच्या आत, भुकटी आणि राळ यांच्यात, जोड अशी हवी की ती सुटूच नये. लेप आणि मूर्ती यांच्यात मात्र संयोगच हवा, मागाहून विभाग करता येईल असा. वणीच्या गडावर २०२२ मध्ये पाषाणातला चेहरा शाबूत मिळाला तो यामुळेच: शेंदूर पिढ्यानपिढ्या चिकटून होता, पण दगडात मुरला नव्हता. पुढच्या वज्रलेपाची निविदा ज्या देवस्थानाला काढायची असेल त्याने लेपाची कठीणता किती हे जरूर विचारावे, पण तो कशाने निघेल हे त्याआधी लेखी मागून घ्यावे.